कार्तिकातली बाग
तुळशीचं लग्न लागलं की अंगणातल्या फुलांमागची घाई संपते. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे दुपार अजून तापते; राजूर घाट चढून बुलढाण्यात आलं की संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. पण आपल्याकडची हंगामी फुलं सहसा थंडीनं मरत नाहीत. झेंडू, तेरडा पावसाबरोबर उगवतात, चार-पाच महिन्यांत त्यांचं आयुष्य पुरं होतं. जमिनीतली ओल ओसरते, पानं खालून वाळत येतात आणि उरलासुरला जोर बियांत उतरतो.

वर्षभरातली मला सगळ्यात आवडणारी बाग हीच. दसऱ्यापर्यंत झेंडूकडे आपण तोरणाच्या हिशेबानंच बघतो. आता फूल झाडावरच राहतं, म्हणून नीट दिसतं. कडेच्या पाकळ्या फिकट पडलेल्या, मध्ये अजून गडद केशरी, आणि सकाळचं ऊन वर आलं की त्यावर मधमाश्या. सोयाबीन निघून गेलेलं असतं. शिवारात त्यांना तुरीचा फुलोरा आणि गावात ही अंगणं.

गुलबक्षीचा तर दिनक्रमच बदलतो. एरवी ती दुपारी चारनंतर उमलते आणि ऊन चढताच मिटते. गार, ढगाळ दिवशी मात्र सकाळी उशिरापर्यंत उघडी असते. फूल गळून पडलं की खालच्या हिरव्या वाटीत एकच बी राहतं, काळं, सुरकुतलेलं, थेट मिऱ्यासारखं. ते आपसूक सुटेल इतकं पिकलं की वेचायचं. वेचायचं राहिलं तरी बिघडत नाही. जमिनीतला कंद पावसाळ्यात पुन्हा फुटतो. तेरड्याचं तसं नाही. त्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शानं तडकतं आणि बी लांब उडतं. म्हणून बोंड हिरव्याचं पिवळसर होताच मुठीत धरून खुडायचं, मूठ कापडावर नेऊनच उघडायची.

झेंडूचं बी धरायला सबुरी लागते. पाकळ्या वाळल्या म्हणून फूल तोडायचं नाही. खालचा हिरवा पेला तपकिरी होईपर्यंत थांबायचं. मग फुलं देठासकट कापून सावलीत पसरायची. पूर्ण वाळल्यावर पाकळ्या चिमटीत धरून ओढल्या की त्यांच्या बुडाशी काळ्या काड्या येतात. ते बी. बोटाला टणक लागेल ते ठेवायचं, चपटं-पोकळ फुंकून टाकायचं. कागदी पुडीवर रंग लिहायचा. जवळजवळ लावलेल्या पिवळ्या-केशरी झाडांत कीटकांमुळे संकर होतो, त्यामुळे तोच रंग येईल याची खात्री नसते. विकतच्या संकरित रोपांचं बी तर पुढच्या वर्षी हमखास वेगवेगळं निघतं.

याच सुमाराला शेवंतीला कळ्या धरतात. रात्र मोठी झाल्याचं तिला कळतं. अनेक झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलण्याची वेळ ठरवतात, हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये मांडलं. म्हणून रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवलेल्या कुंडीतली शेवंती उशिरा फुलते. तुमची कुंडी रखडली असेल, तर खत घालण्याआधी ती अंधारात सरकवून बघा.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. घरोघरी सगळी चांगली फुलं दसऱ्या-दिवाळीला तोडली जातात आणि बी धरलं जातं ते झाडाच्या शेंड्यावर उरलेल्या शेवटच्या बारक्या फुलांचं. ती थकल्या झाडाची फुलं. त्यांत बी कमी भरतं. शिवाय चांगलं झाड कुठलं होतं, हे तोवर कुणाच्या लक्षातही राहत नाही. सगळा वाफा ओरबाडून उरेल ते बियाण्याला ठेवायचं, ही निवड नव्हे. बियाण्याचं झाड हंगाम भरात असतानाच ठरवायला हवं.

तेव्हा पुढच्या नवरात्रात वाफ्यातलं सगळ्यात ठसठशीत, निरोगी झाड निवडा, त्याला चिंधी बांधा आणि त्यावरची चार-दोन पहिली फुलं तोडूच नका. तोरण तेवढ्यानं अपुरं पडणार नाही. आणि कार्तिकात उरलेली शेवटची फुलं बियाण्यासाठीही खुडू नका. ती मधमाश्यांना आणि तुमच्या डोळ्यांना राहू द्या.