बालमोरेचे पाणी

शुगर लँडहून इंटरस्टेट १० धरून पश्चिमेस निघाले की सॅन अँटोनिओनंतर झाडे खुजी होत जातात आणि फोर्ट स्टॉकटनच्या आसपास चिहुआहुआच्या वाळवंटातील उघडे माळ दिसू लागतात. सुमारे साडेपाचशे मैलांच्या या प्रवासाअखेरीस बालमोरे स्टेट पार्क लागते. गॅल्व्हस्टनचा किनारा आपल्या मुलांना पाठ झाला आहे. एखाद्या मोठ्या सुट्टीत त्यांना इकडे आणावे.

सॅन सॉलोमन झऱ्याभोवती येथे सव्वा एकराहून मोठा तलाव बांधलेला आहे. तो काही ठिकाणी २५ फूट खोल आहे. पाण्याचे तापमान बाराही महिने ७२ ते ७६ अंश फॅरेनहाइट असते. पाणी सतत वाहते, म्हणून त्यात क्लोरीन नाही. पोहताना पायाशी मासे येतात. महामंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअर या सरकारी योजनेतून तो उभा राहिला.

तलाव म्हटला की आपल्याला महाड आठवणारच. मुंबई कायदेमंडळात बोले ठराव १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले; तरीही ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. टेक्ससमध्येही सार्वजनिक पैशाने उभारलेली बहुतेक स्टेट पार्के कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ बंद होती. टायलर येथील कृष्णवर्णीय नागरिकांनी १९५० च्या सुमारास याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. सार्वजनिक जागांतील वर्णभेदाला कायद्याने मूठमाती मिळाली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. आज आपण तिकीट काढून सहज आत जातो, त्यामागे त्यांचाही संघर्ष आहे, हे मुलांना तलावाकाठीच सांगावे.

पाण्याची दुसरी कथा वाटेवरच्या फोर्ट स्टॉकटनची. तेथील कोमांचे झऱ्यांवर अनेक शेतकऱ्यांची शेती अवलंबून होती. वरच्या भागातील बड्या जमीनदारांनी विहिरींतून भरमसाट उपसा केला. खालच्या शेतकऱ्यांनी दावा लावला. १९५४ साली न्यायालयाने जमीनमालकाचा भूजलावरील हक्क उचलून धरला आणि १९६१ पर्यंत झरे आटले. त्यांचे नाव धारण करणारा कोमांचे स्प्रिंग्ज पपफिश हा चिमुकला मासा आता बालमोरेच्या परिसरात तग धरून आहे. श्रममंत्री असताना बाबासाहेबांनी नदीखोऱ्यांच्या सार्वजनिक नियोजनाचा आग्रह का धरला, हे त्या कोरड्या झऱ्यांपाशी चटकन उमगते.

प्रवेशाची नोंदणी आगाऊ करावी. उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. जीवरक्षक नसतो, तेव्हा पोहता न येणाऱ्यांवर लक्ष हवे. तळाचे दगड शेवाळलेले असतात, म्हणून पाण्यातले बूट घ्यावेत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. मुक्काम शक्यतो जवळच्या डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्कात करावा. तेथील रात्री गार असतात, स्वेटर विसरू नये, आणि आकाश इतके काळेभोर असते की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.