डॉलरचे चिन्ह विसरले की हिशेब चुकतो

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या पेढ्यांवर आणि साताऱ्याच्या दुकानांतून आज खतावणीच्या जोडीला एक्सेलही वापरले जाते. परंतु एक सूत्र लिहून ते खाली ओढले की रक्कम कधी कधी चुकते, आणि संगणक तक्रारही करीत नाही. म्हणून ही बाब आमच्या व्यापारी बांधवांनी नीट समजून घ्यावी असे आम्हास वाटते.

पत्ता दोन प्रकारे सांगता येतो. 'येथून तिसरे दुकान' म्हटले की माणूस जेथे उभा असेल तेथून मोजतो. 'गाळा नंबर १२' म्हटले की कोठूनही तेथेच जातो. पहिला सापेक्ष पत्ता, दुसरा निरपेक्ष.

समजा, बी रकान्यात पोत्यांची संख्या आहे. एच१ मध्ये हमालीचा दर ८ रुपये आणि एच२ मध्ये तोलाईचा दर ३ रुपये लिहिला आहे. हमालीसाठी =बी२*एच१ हे सूत्र दिले. २० पोत्यांचे १६० रुपये बरोबर आले. सूत्र खाली ओढताच ते =बी३*एच२ झाले. १५ पोत्यांची हमाली १२० हवी, तेथे ४५ आली. त्याखाली एच३ रिकामा, म्हणून शून्य!

उपाय सोपा आहे. =बी२*$एच$१ असे लिहावे. डॉलरचे चिन्ह म्हणजे खुंटा. त्याचा रुपयांशी संबंध नाही. एक्सेलमध्ये सूत्र लिहिताना एच१ वर एफ४ कळ दाबली की दोन्ही चिन्हे आपोआप लागतात.

कधी अर्धाच खुंटा लागतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या डाव्या रकान्यात व प्रतवारीचे दर वरच्या ओळीत असतील, तर =$ए२*बी$१ हे एकच सूत्र सगळा तक्ता भरते.

वर्षअखेरीस जकातीसाठी मालाची किंमत काढतानाही अडीच टक्के हा दर एका घरात लिहून तेथे खुंटा मारावा.

सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. सूत्रातील चूक नकळत होते, पण हमालाची मजुरी तेवढीच बुडते. तेव्हा सूत्र ओढल्यावर दुसरी आणि शेवटची ओळ हाताने ताडून पाहावी, मगच कागद छापावा.