उन्हाळ्यात मनी प्लांट पिवळा का पडतो? उन्हापेक्षा पाणी जास्त मारते

मार्च संपत आला की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते: "रोज न चुकता पाणी घालतोय, तरी मनी प्लांट पिवळा पडतोय." सोलापूर, मालेगाव, नांदेड, अकोला, कुठेही विचारा, हेच ऐकायला मिळते. आणि या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा तिच्यातच असतं. रोज पाणी घातलं जातं, म्हणूनच वेल पिवळा पडतो. उन्हाळ्यात हा वेल कसा जपायचा आणि घरातल्या माणसांना त्याचा त्रास कसा होऊ द्यायचा नाही, हे आपण आज समजून घेऊ.

हा वेल मूळचा कुठला?

मनी प्लांटचं शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मोऑरिया बेटावरचा. तिथे तो मोठ्या झाडांच्या सावलीत, दमट हवेत, खोडाला धरून वर चढतो. झाडावर चढलेल्या वेलाचं एकेक पान हातभर लांब होतं. आपल्या घरात तो खाली लोंबतो, म्हणून पानं लहान राहतात. तो आपल्या अळूच्याच कुळातला आहे. सावली, दमटपणा आणि मुळांना खेळती हवा, एवढंच त्याला हवं असतं. साधारण 18 ते 30 अंशांत तो खुशीत वाढतो. पारा 40 च्या वर गेला की त्याची वाढ मंदावते.

पाणी जास्त झालं की काय होतं?

मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. कुंडीतली माती सतत ओली राहिली तर मातीतली हवेची जागा पाण्याने भरते. मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे माती ओली असूनही पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं, तहान लागली. आपण आणखी एक तांब्या ओततो आणि राहिलेली मुळंही जातात.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं आत घाला. आत कोरडं लागलं तर कुंडीच्या खालच्या भोकातून निथळेल इतकं पाणी द्या. ओलसर लागलं तर हात आवरा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागू शकतं. कोकणात हवा दमट, तिथे त्याच कुंडीला पाच-सहा दिवसही चालतं. त्यामुळे शेजारणीचं वेळापत्रक आपल्या कुंडीला लावू नका, बोटालाच विचारा.

भर दुपारी पानं थोडी मलूल दिसली तर घाई करू नका. संध्याकाळी पुन्हा पाहा. ऊन उतरल्यावर पानं आपोआप ताठ झाली तर तो फक्त उन्हाचा ताण होता. माती ओली, पानं पिवळी आणि देठाचा बुंधा काळा-मऊ झाला असेल, तर मुळं कुजली आहेत असं समजा. अशा वेळी वेल कुंडीतून काढा, काळी मुळं कापून टाका आणि नव्या, भुसभुशीत मातीत लावा. बुंधाच गेला असेल तर वरचे चांगले तुकडे कापून पाण्यात ठेवा. प्रत्येक तुकड्याला निदान एक गाठ, म्हणजे जिथून पान फुटतं ती जागा, हवीच. गाठीशिवाय नवा वेल फुटत नाही.

कोणतं पाणी द्यायचं?

मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहासारखं तापलेलं असतं. ते थेट मुळांवर ओतू नका. पहाटे किंवा सकाळी लवकर पाणी द्या, नाहीतर रात्रीच बादली भरून ठेवा. बोअरचं खारं पाणी सतत दिलं तर मातीत क्षार साठतात आणि पानांची टोकं तपकिरी होतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. ते लादी पुसायला वापरा, कुंडीला नको.

पाणी चार-सहा दिवसांनी येतं, अशा गावांत वुजूचं पाणी टबात साठवून कुंड्यांना घालता येतं. त्यात साबण नसतो, म्हणून झाडाला अपाय होत नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चालतं, मात्र ते त्याच दिवशी वापरा आणि त्यात मीठ नको.

कुंडी कुठे ठेवायची?

पूर्वेच्या खिडकीचं सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर पानं भाजतात. लोखंडी ग्रिल तापतं, त्याला टेकलेली पानंही करपतात. उन्हाळाभर कुंडी खिडकीपासून तीन-चार फूट आत घ्या. अगदी अंधारातही नको, तिथे पानांवरचे पिवळे पट्टे जाऊन ती नुसती हिरवी होतात. कूलरची ओलसर हवा खोलीत असेल तर वेलाला बरंच, पण कूलर किंवा एसीचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका.

मे महिन्यात खत टाळा आणि कुंडी बदलू नका. दोन्ही कामं पावसाळा लागल्यावर करा. तेव्हा माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळलं तरी पुरतं.

बाटलीतला वेल आणि डेंग्यूचा डास

हा मुद्दा वेलापेक्षा आपल्या लेकरांसाठी महत्त्वाचा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालतो. बाटलीतला मनी प्लांट आणि कुंडीखालची ताटली या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून द्या आणि बाटली आतून ब्रशने घासा, कारण अंडी काचेला चिकटलेली राहतात. नुसतं वरून पाणी भरल्याने ती जात नाहीत. लक्षात राहावं म्हणून दर जुम्याची सकाळ या कामाला ठरवून टाका.

मुलं, मांजर आणि ईदचा बकरा

कच्चा अळू खाल्ला की घसा खाजतो, तसेच सुईसारखे कण मनी प्लांटच्या पानांत असतात. लहान मुलाने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, कधी उलटी होते. तोंड पुसून चूळ भरायला लावा, थंड पाणी किंवा दूध द्या. जीभ सुजली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर वेळ न घालवता दवाखान्यात न्या. मांजरालाही हा वेल बाधतो. अलीकडे बकरी ईद मे-जूनमध्ये येते आणि कुर्बानीचा बकरा काही दिवस अंगणात, गॅलरीत बांधलेला असतो. लोंबता हिरवा वेल दिसला की तो तोंड घालणारच. त्या दिवसांत वेल वर गुंडाळून ठेवा.

सुट्टीत गावी जाताना

कुंडी सावलीत आणा. पाण्याने भरलेली बादली कुंडीपेक्षा थोडी उंच ठेवा. जाड सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीत सोडा, दुसरं मातीत खोचा. आठ-दहा दिवस लागेल तेवढा ओलावा मिळत राहतो. बादलीवर झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर घरी परतल्यावर डासच स्वागताला असतील. बाटलीतला वेल शेजाऱ्यांकडे देऊन जा.

आणि एक शेवटचं. मनी प्लांट चोरून आणला तरच पैसा येतो, असं अजूनही काही जण म्हणतात. कुणाच्या कुंपणावरून न विचारता फांदी तोडायची गरज नाही. मागितलं तर कुणीही वीतभर तुकडा आनंदाने देतो. त्याला एक गाठ आहे ना, एवढं पाहून घ्या.