आहारशास्त्राची उमेदवारी

एखाद्या जिल्ह्याच्या रुग्णालयात एक म्हातारबाबा खाटेवर पडून आहेत, असे समजा. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेली. सकाळच्या एस.टी.ने थोरला मुलगा गावाहून आला आहे आणि येताना त्याने स्टँडसमोरच्या गाडीवरून दोन शहाळी आणली आहेत. आजाऱ्याला भेटायला जाताना हात हलवीत जाऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत. इतक्यात पांढरा कोट घातलेली एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी खाटेपाशी येते, शहाळी पाहते, म्हणते, "हे द्यायचं नाही हं!" आणि पुढच्या खाटेकडे निघून जाते.

पुढे काय होते, ते तुम्हीच सांगा. पोरीची पाठ वळली की शहाळे फुटते. काल आलेल्या पोरीचे ऐकून बापाच्या तोंडचे शहाळे कोण काढून घेईल?

पण मुलगी अगदी बरोबर बोलली होती. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम नावाचे क्षारद्रव्य भरपूर असते. धडधाकट माणसाचे मूत्रपिंड जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. ते ज्याचे काम करीत नाही, त्याच्या रक्तात ते साठत जाते, आणि फार साठले की हृदयाचे ठोके बिघडतात; हृदय बंदही पडू शकते. म्हणजे जे शहाळे तापातून उठलेल्या माणसाला बरे, तेच या म्हातारबाबांच्या जिवावर बेतू शकते. मुलीला हे सारे पाठ होते. परीक्षेत तिने त्यावर चांगली दोन पाने लिहिली होती. लेकाची समजूत पटेल अशी चार वाक्ये मात्र तिच्यापाशी नव्हती.

आहारशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पुस्तकी शिक्षणानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष कामाला पाठवतात. हल्ली त्याला इंटर्नशिप म्हणतात. मला आपला जुना 'उमेदवारी' हाच शब्द आवडतो. सुताराच्या, शिंप्याच्या हाताखाली पोरगा उमेदवारी करतो, तशीच ही. आपल्याकडे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायचे तर पदव्युत्तर शिक्षणानंतर सहा महिन्यांची उमेदवारी आणि मग परीक्षा, असा इंडियन डायेटिक असोसिएशनचा शिरस्ता आहे. २०२१ साली संसदेने आरोग्यक्षेत्रातील संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यातही आहारतज्ज्ञांचा समावेश झाला. म्हणजे हे काम आता 'काय खावे ते सांगणाऱ्या बाई' एवढ्यावर राहिलेले नाही.

मी स्वतः आहारशास्त्राचा नाही. माझा विषय समाजशास्त्र. पण या मुलींना रुग्णालयात पाठवण्यापूर्वी रुग्णाशी बोलावे कसे, याचे काही तास माझ्याकडे असतात. (मुलगेही येतात, वर्गात एखाददुसरा.) त्या तासांत मी शाल पांघरून खुर्चीवर बसतो आणि रुग्ण होतो. मधुमेहाचा, पन्नाशीचा, शेती करणारा. मुलींनी मला विचारायचे आणि कालच्या दिवसभरात मी काय काय खाल्ले, ते कागदावर उतरवायचे.

पहिल्या दिवशी ठरलेलाच प्रकार होतो. "काका, काल काय खाल्लं?" "काही नाही गं, दोन वेळा भाकरी-भाजी." "भाकऱ्या किती?" "दोन-दोन." मुलगी लिहून घेते, कोष्टक काढते, आकडेमोड करते आणि आनंदाने सांगते, "सर, तुमचं खाणं फार कमी आहे!"

या एका वाक्यात दोन चुका असतात. पहिली भाकरीची. पुस्तकात हिशेबाला जी भाकरी धरतात, ती साधारण ३० ग्रॅम पिठाची. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३० कॅलरी धरल्या, तर त्या भाकरीच्या शंभर झाल्या. पण शेतावर जाणाऱ्या माणसाच्या घरी परातीत थापतात ती भाकरी अशी असते काय? ती तव्याच्या काठाला टेकलेली असते. तिला १०० ग्रॅमही पीठ लागते. चार भाकऱ्यांचा पुस्तकी हिशेब ४०० कॅलरींचा, आणि खरा १,३०० च्या वर. एवढी चूक पोटात ठेवून जो सल्ला दिला जाईल, त्याचे पुढे काय व्हायचे!

दुसरी चूक चहाची. चहा कोणी सांगत नाही, कारण चहा हे खाणे आहे असे आपण मानतच नाही. सकाळी उठल्यावर, शेतावर जाताना, पाहुणा आला म्हणून, पाहुणा निघाला म्हणून, असे सहा कप सहज होतात. कपाला दोन चमचे साखर, चमच्याला पाच ग्रॅम; दिवसाची ६० ग्रॅम साखर झाली. मधुमेहाच्या माणसाने गोड सोडले, म्हणजे पेढे-बर्फी सोडली. चहातली साखर कोणी मोजलीच नाही. रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला विचारलेच नव्हते.

म्हणून उमेदवारीची तयारी तराजूपासून सुरू व्हावी, असे माझे मत आहे. कोष्टके आपल्याकडे उत्तम आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. (ही संस्था मुळात १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी निघाली, आणि १९५८ साली हैदराबादला आली.) पण कोष्टक बोलते ग्रॅममध्ये आणि माणूस बोलतो वाटी, पळी, मूठ, चिमूट यांत. मधला पूल विद्यार्थ्याने स्वतः बांधायचा असतो. आम्ही मुलींना सुटीत घरी जाताना सांगतो की, आईने भाकरी थापण्यापूर्वी गोळा वजनकाट्यावर ठेवा, आमटीच्या वाटीत पाणी किती मावते ते मोजा, फोडणीला तेल किती पळ्या पडते ते पाहा. खेड्यातून आलेल्या मुलींची वही या कामात शहरातल्या मुलींच्या वहीपेक्षा नेहमी भारी ठरते. इंग्रजी संज्ञांना बिचकणारी मुलगी येथे एकदम पुढे येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उपवासाचेही असेच. एकादशीच्या दिवशी विचारले तर रुग्ण म्हणतो, "आज काही नाही, उपास आहे." मग हळूहळू निघते: साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, रताळे. याउलट कोणी खरोखरीच निरंकार उपवास करतो आणि मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतो. काही गोळ्या अशा असतात की, पोटात अन्न नसताना त्या घेतल्या तर रक्तातली साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाते. तेव्हा "उपास करता का?" एवढे विचारून भागत नाही. कोणता, कसा, त्या दिवशी गोळीचे काय करता, हे विचारावे लागते. आणि तेही अशा आवाजात की, श्रद्धेची झडती घेतली जात आहे असे समोरच्याला वाटू नये. गोळी बदलणे हे मात्र तिचे काम नव्हे. तिने ते डॉक्टरांच्या कानावर घालायचे आणि कागदावर नोंदवायचे. आपले काम कोठे संपते, हे ठाऊक असणे हीदेखील तयारीच.

सर्वांत अवघड प्रसंग कुपोषित बालकांच्या कक्षात येतो. पोषण पुनर्वसन केंद्रात सहा किलो वजनाचे एक मूल दाखल झाले आहे, असे धरा. त्याच्या वयाला ते वजन फारच थोडे. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. सोबत आई आणि आजी. पहिले काही दिवस अशा मुलाला दूध, साखर, तेल यांपासून केलेला एक हलका आहार देतात. त्याला एफ-७५ म्हणतात, कारण त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. अंगावर फारशी सूज नसेल तर किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, म्हणजे या मुलाला ७८०. दर दोन तासांनी एकदा, असे बारा वेळा. एका वेळेला आले किती? ६५ मिलिलिटर. अर्धा कपदेखील नाही!

आजी ते पाहते आणि तिच्या जिवाचा संताप होतो. पोर उपाशी आहे म्हणून येथे आणले, आणि हे लोक त्याला वाटीभरसुद्धा देत नाहीत! ती पदराआडून बिस्कीट चारते. त्यात तिचा काय दोष? उपाशी माणसाला पोटभर वाढावे, हेच ती आयुष्यभर करीत आली.

पण दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराचे सारे कारखाने मंद झालेले असतात. एकदम भरपूर अन्न आले की रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये झपाट्याने पेशींत ओढली जातात, रक्तात त्यांची चणचण होते, आणि दुबळ्या हृदयाला तो भार सोसत नाही. १९४५ साली महायुद्ध संपता संपता छळछावण्यांतून सुटलेली काही उपाशी माणसे पोटभर अन्न मिळाल्यावर दगावली, ती याच कारणाने. म्हणून आधी शरीर सावरू द्यायचे, भूक परतू द्यायची, आणि मगच हळूहळू एफ-१०० नावाच्या अधिक कसदार आहारावर जायचे.

हे आजीला कसे सांगाल? वर्गात मी हाच प्रश्न टाकतो. एकदा एका मुलीने उत्तर दिले, "आजी, विझत आलेल्या चुलीवर एकदम मोठं लाकूड टाकलं तर काय होतं? आधी काटक्या घालाव्या लागतात ना? या डोक्यात चूल पेटली की मग लाकूड घालू." 'डोक्यात' नव्हे, 'पोटात', असे तिने लगेच सुधारले आणि सारा वर्ग हसला. पण फॉस्फरसचे नाव न घेता तिने बरोबर तेच सांगितले होते. मी तिला त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले.

आणखी एक गोष्ट. आजच्या खाटेवरचा सल्ला उद्याच्या खाटेवर चालत नाही, हे विद्यार्थ्याला शिकवण्यापेक्षा दाखवावे लागते. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णाचे पोटॅशियम वाढते, त्याला भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायला सांगतात. एरवी आपण तेच पाणी टाकू नका म्हणून सांगतो. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी ज्या रुग्णाला डाळ-अंडे बेताने खा म्हटले, त्यालाच डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिने वाढवायला सांगावे लागते. रक्तदाबासाठी म्हणून दुकानात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात बहुधा सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते. म्हणजे आपल्या म्हातारबाबांना तेही वर्ज्य. "डॉक्टरांनी शेजाऱ्याला सांगितलं होतं" म्हणून घरी आणलेले पुडे असेच घात करतात.

आता तुमच्याकडे येतो. शिक्षकांनी बारावीच्या विज्ञान शाखेतील मुलामुलींना हा मार्ग जरूर सांगावा, आणि सांगताना स्वयंपाकघर जाणणाऱ्या मुलाला येथे कमीपणा नाही, हेही सांगावे. आणि गावकरी मंडळींना एक विनंती आहे. तुम्ही किंवा तुमचे कोणी रुग्णालयात असाल, आणि एखादी उमेदवार मुलगी वही घेऊन आली, तर तिला "भाकरी-भाजी" एवढ्यावर वाटेला लावू नका. चहा सांगा, तंबाखूची मिश्री सांगा, शेतात जाताना खिशात टाकलेले शेंगदाणे सांगा, दारूही सांगा. शहाळे आणले असेल तर लपवू नका. का नको, ते तिला विचारा. आणि शक्य असेल तर घरची भाकरी फडक्यात बांधून घेऊन या. तिला ती वजनकाट्यावर ठेवू द्या.