फिट थांबल्या, पण शब्द सापडेना

‘फिट येत नाहीत आता, पण बोलताना साधा शब्द आठवत नाही.’ अपस्माराचे काही रुग्ण अशी तक्रार करतात. घरच्यांना वाटतं, हा लक्षच देत नाही. कधी कधी कारण गोळीत असतं.

टोपिरामेट हे याचं ठळक उदाहरण. मेंदूतल्या पेशींची बेसुमार खळबळ ते आटोक्यात आणतं. पण एक अडचण आहे. आपण शब्द शोधतो तेव्हा मेंदूतलं भाषेचं जाळं कामाला लागतं आणि निवांतपणी मन भटकत असताना चालणारं ‘डिफॉल्ट मोड’ जाळं मागे सरतं. टोपिरामेट घेणाऱ्यांच्या एफएमआरआय तपासण्यांत हे दुसरं जाळं पुरेसं शांत होत नसल्याचं दिसलं. एकाच खोलीत दोन रेडिओ लागावेत, तसं काहीसं.

सगळीच औषधं अशी नाहीत. लॅमोट्रिजिनचा हा त्रास तुलनेनं कमी. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. १९१२पासून वापरात असलेल्या, स्वस्त फिनोबार्बिटोनने सुस्ती येते.

अर्थात सगळा दोष गोळीचा नसतो. वारंवारच्या फिट आणि अपुरी झोपही स्मरणशक्ती पोखरतात. म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. अचानक थांबवल्यास लागोपाठ फिट येऊन जीवावर बेतू शकतं. डोस हळूहळू वाढवणं, कमी करणं किंवा औषध बदलणं हे डॉक्टरांनी ठरवायचं. भेटीला जाताना गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला आणि शब्द अडखळणं कधीपासून जाणवलं, एवढं वहीत लिहून न्या.