उंदराची शेपटी आणि आठवा दिवस

मागच्या महिन्यात एका बाळाच्या मिलासाठी आपण जमलो होतो. त्या वेळी माझ्या नातीने मला हळूच विचारले, "आजोबा, इतक्या पिढ्या आपण सुंता करतो, मग मुले तशीच का जन्मत नाहीत?" प्रश्न लहानाचा; परंतु उत्क्रांतीचे शास्त्र समजण्यास याहून सोपी सुरुवात मला सुचत नाही.

आईबापांनी आयुष्यात कमावलेले वा गमावलेले अपत्यांत उतरते, असे पूर्वी पुष्कळ विद्वान मानीत. फ्रान्सच्या लामार्कच्या मते, जिराफांनी उंच पानांसाठी माना ताणल्या म्हणून त्यांच्या वंशजांच्या माना लांब झाल्या. डार्विननेही ही कल्पना पुरती सोडली नव्हती. येथे जर्मनीत, फ्रायबुर्ग विद्यापीठातील प्राध्यापक ऑगुस्ट वाइसमान यांनी ती कसोटीस लावली. 1887 साली त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या कापण्यास आरंभ केला. अशा पाच पिढ्यांच्या उंदरांना 901 पिल्ले झाली. त्यांत एकही आखूड शेपटीचे निघाले नाही.

याचे कारण असे. शरीराच्या पेशी निराळ्या आणि पुढची पिढी जिच्यातून घडते ती बीजपेशी निराळी. शेपटीवरची जखम बीजापर्यंत पोहोचत नाही.

मग जीवजाती बदलतात तरी कशा? समजा, काही उंदीर जन्मतःच थोड्या आखूड शेपटीचे आहेत आणि मांजर लांब शेपटीवाल्यांनाच अधिक पकडते. आखूड शेपटीचे अधिक जगतील, त्यांना पिल्ले अधिक होतील आणि तो गुण पिल्लांत उतरेल. असंख्य पिढ्यांनंतर सारी जातच आखूड शेपटीची होईल. कोणी प्रयत्न केला म्हणून नव्हे, तर कोण टिकले यावरून हा बदल घडतो. 1859 साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

नातीला मी म्हणालो, "बाळ, कोकणात आपले पूर्वज घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाण्यावर त्यांच्या हातांना घट्टे पडले. तुझे हात मात्र मऊच आहेत. शब्बाथही रक्तातून आला नाही. तो घरोघरी शिकविला गेला, म्हणून टिकला."

येथे जन्मलेल्या आपल्या मुलांना मराठीही उपजत येणार नाही. आठव्या दिवसाप्रमाणे तीही प्रत्येक पिढीला नव्यानेच द्यावी लागेल.