बोक्याचे पथ्य

माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतल्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या कुटुंबांना नर जनावराची लघवी तुंबणे ही आपत्ती अपरिचित नाही. बोकडाच्या अंगावर लवकर मांस यावे म्हणून मका आणि पेंडीचा खुराक वाढवला, की त्याच्या लघवीत फॉस्फरस वाढतो, खडे धरतात आणि नराच्या अरुंद, वळणदार मूत्रमार्गात ते अडकून बसतात. अशा वेळी खुराक आवरणे आणि लघवी आम्लधर्मी करण्यासाठी अमोनियम क्लोराइड देणे हा पशुवैद्यकांचा जुना उपाय आहे. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील घरांत पाळल्या जाणाऱ्या बोक्यांचा त्रास याच प्रकारचा असला, तरी त्यावर सांगितला जाणारा उपाय मात्र अनेकांना चमत्कारिक वाटतो: मांजराने महिनोन्महिने, कधी आयुष्यभर, पशुवैद्यकाने नेमून दिलेले एकच तयार अन्न खायचे. ‘प्रिस्क्रिप्शन डाएट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या अन्नात औषध मिसळलेले नसते. खनिजे, प्रथिने, मीठ आणि लघवीची आम्लता ठरवणारे घटक यांचे प्रमाण त्यात एका विशिष्ट रोगाला धरून बांधलेले असते. थोडक्यात, ते पथ्य आहे, आणि कोणत्या रोगाचे पथ्य हे ठरण्याआधीच पिशवी विकत घेतली जाते, ही या उपायातली सर्वांत मोठी गफलत होय.

घरचे मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांतल्या रानमांजराचे वंशज आहे. शिकारीच्या मांसातून मिळणाऱ्या पाण्यावर भागवायचे आणि मूत्रपिंडांनी लघवी अत्यंत दाट करून पाणी वाचवायचे, अशी त्याच्या शरीराची घडण असल्यामुळे तहान त्याला उशिरा लागते, आणि दाट लघवीत क्षार साचून स्फटिक होण्याची शक्यता वाढते. पुन्हापुन्हा रेतीच्या पेटीत जाऊन बसणे, थेंबथेंब लघवी होणे, लघवीतून रक्त जाणे, पेटीबाहेर फरशीवर लघवी करणे ही मूत्रविकाराची लक्षणे आहेत. बोक्याच्या बाबतीत एक भेद मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा: तो जोर करतो आहे आणि एक थेंबही बाहेर येत नाही, अशी अवस्था असेल तर मूत्रमार्ग बंद झालेला असतो, रक्तात पोटॅशियम साठू लागते आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. तेथे कोणतेही पथ्य कामाचे नाही. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन नळी घालून मार्ग मोकळा करावा लागतो.

मार्ग मोकळा झाल्यावर किंवा तो बंद झालेलाच नसेल तेव्हा आहाराचा प्रश्न येतो, आणि येथे तीन वेगळे विकार सारख्याच लक्षणांखाली लपलेले असतात. ही लक्षणे दिसणाऱ्या, दहा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मांजरांत खडाही सापडत नाही आणि जंतुसंसर्गही आढळत नाही. त्यांच्या मूत्राशयाच्या अस्तराला आलेल्या सुजेचे एकच एक कारण दाखवता येत नाही आणि तिचा मनावरच्या ताणाशी निकटचा संबंध असतो. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांत खडे असतात, आणि ते मुख्यतः दोन जातींचे असतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासून बनणारा स्ट्रुव्हाइट आम्लधर्मी, पातळ लघवीत विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही. तो शस्त्रक्रियेने किंवा अन्य मार्गाने काढावाच लागतो, आणि त्यानंतरचे पथ्य केवळ तो पुन्हा होऊ नये यासाठी असते.

या दोन खड्यांमधली ओढाताण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या मूतखडा केंद्राच्या नोंदींत स्पष्ट दिसते. 1981 मध्ये तेथे तपासलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी 78 टक्के स्ट्रुव्हाइट आणि जेमतेम 2 टक्के कॅल्शियम ऑक्झलेट होते. पुढे अन्न बनवणाऱ्या कंपन्यांनी मॅग्नेशियम घटवले व लघवी अधिक आम्लधर्मी होईल अशी योजना केली, आणि 2002 पर्यंत ऑक्झलेटचे प्रमाण 55 टक्क्यांवर जाऊन स्ट्रुव्हाइट 33 टक्क्यांवर उतरला. आहारातला बदल हे या उलथापालथीचे एकमेव कारण नसेलही, परंतु एका खड्याला प्रतिकूल केलेली लघवी दुसऱ्याला अनुकूल ठरू शकते, हा धडा त्यातून घेतला गेला. आताचे चांगले पथ्यान्न लघवी अवाजवी आम्लधर्मी न करता ती पातळ ठेवण्यावर अधिक भर देते. शेजाऱ्याच्या मांजराला मानवलेली पिशवी आपल्या मांजरासाठी आणू नये, असे पशुवैद्यक बजावतात त्याचे कारण हेच.

पथ्य किती काळ चालवायचे, याचे उत्तरही निदानावरच अवलंबून आहे. स्ट्रुव्हाइट विरघळवणारे अन्न साधारण काही आठवड्यांत काम करते. क्ष-किरण तपासणीत खडा दिसेनासा झाल्यावरही ते थोडे दिवस चालू ठेवून नंतर सौम्य, दीर्घकाळ चालणाऱ्या अन्नावर मांजराला आणले जाते. ऑक्झलेट झालेल्या मांजराला तो पुन्हा होण्याचा धोका मोठा असल्याने तेथे पथ्य बहुधा कायमचे असते. कारण न सापडणाऱ्या सुजेत दुधातल्या प्रथिनापासून काढलेला शामक अंश आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असलेले अन्न दिले जाते, पण त्याबरोबर लपायला जागा, दोन मांजरांत वेगवेगळ्या पेट्या आणि खेळ यांची सोय न केल्यास नुसत्या अन्नाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. वाढीच्या वयातली पिल्ले, गाभण मांजरी आणि मूत्रपिंड कमकुवत झालेली म्हातारी मांजरे यांना लघवी आम्लधर्मी करणारे अन्न देणे इष्ट नाही, आणि अशा अन्नाच्या जोडीला आम्लता वाढवणारी औषधे देणे तर धोक्याचेच.

सातारा-सांगलीच्या घरांत अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. येथले मांजर सकाळी दूध-भाकरी किंवा दूध-चपाती खाते, दुपारी सुकट निवडणाऱ्या बाईजवळ घोटाळते, संध्याकाळी चिकनच्या दुकानामागे चक्कर मारते आणि शेजारच्या दोन घरांतही त्याची ताटली असते. धान्याचा भाग जास्त असलेला आहार लघवी अल्कधर्मी करतो आणि खारवलेल्या सुक्या मासळीतून नको तितकी खनिजे येतात. त्यामुळे पथ्यान्नाच्या वाटीशेजारी ही रसद चालू राहिली तर महागाच्या पिशवीचा हिशेब बिघडतो. तरीही दूध-भाकरीला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. तिच्यात टॉरिन नाही, आणि या अमिनो आम्लाच्या अभावी मांजराचे हृदय दुबळे होते हे 1987 मध्ये सिद्ध झाले आहे. पण तिच्यात पाणी भरपूर असते. तिच्या जागी आलेल्या कोरड्या दाण्यांत पाणी 10 टक्क्यांच्या आसपासच असते आणि ती तूट मांजर वाटीतले पाणी पिऊन पुरती भरून काढत नाही. आधुनिक म्हणून स्वीकारलेला बदल मूत्राशयाच्या दृष्टीने काही घरांत एक पाऊल मागे नेणारा ठरला आहे, असे म्हणावे लागते.

चार किलो वजनाच्या मांजराला अन्नातले धरून दिवसाला सुमारे 200 मिलिलिटर पाणी लागते. पाउचमधल्या ओल्या अन्नात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असल्यामुळे ही गरज बरीचशी खाण्यातूनच भागते. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुजेचा त्रास झालेल्या मांजरांना वर्षभर एकाच पथ्याचे दोन प्रकार दिले गेले, तेव्हा ओले अन्न खाणाऱ्या 11 टक्के मांजरांत तो त्रास उलटला, तर कोरडे खाणाऱ्यांत 39 टक्क्यांत. ज्यांना पाउच परवडत नाहीत त्यांनी तेच पथ्याचे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत, पाण्याची रुंद भांडी अन्नापासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. अळणी चिकनचे पाणी थोडे चालते, मात्र तहान वाढावी म्हणून घरी मीठ घालण्याचा उद्योग करू नये. बोअरचे जड पाणीच खड्यांना कारण असते अशी समजूत दुष्काळी तालुक्यांत ऐकू येते, परंतु मांजर पाणी कसले पिते यापेक्षा किती पिते यालाच अधिक महत्त्व आहे.

शिरवळ येथे 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तरी गावोगावचे सरकारी पशुदवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठीच उभे राहिलेले असल्याने मांजराच्या लघवीची तपासणी पुष्कळदा शहरातल्या प्रयोगशाळेवर सोपवावी लागते. वडूज किंवा कवठेमहांकाळहून नमुना बर्फात ठेवून काही तासांनी पोहोचला, तर थंड झालेल्या लघवीत मूत्राशयात नसलेले स्फटिकही तयार होतात, आणि निरोगी मांजराच्या लघवीतही थोडे स्ट्रुव्हाइट स्फटिक सापडू शकतात. म्हणून केवळ ‘क्रिस्टल्स आढळले’ एवढ्या अहवालावर आयुष्यभराचे पथ्य लादण्याऐवजी ताजी लघवी दवाखान्यातच तपासून घेणे, सोनोग्राफी किंवा क्ष-किरण करणे आणि काढलेला खडा फेकून न देता त्याचे पृथक्करण करवून घेणे अधिक शहाणपणाचे असते. पथ्य सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी आणि पुढे वर्षातून दोनदा लघवीची घनता व आम्लता मोजली, तरच ते लागू पडते आहे की बदलायला हवे हे कळते.